मदत हवी आहे: ‘द मॅन फ्रॉम लॅरामी’ (१९५५) आणि मिठावरचा हक्क

मंडळी, आमच्या चित्रपट मंडळात दिग्दर्शक अँथनी मानचा ‘द मॅन फ्रॉम लॅरामी’ हा वेस्टर्न दाखवायचा आहे आणि आधी थोडं बोलायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. (पुढे शेवट सांगितलाय, पाहायचा असेल तर जपून वाचा.)

सूडाचा धागा सरळ आहे. जेम्स स्टुअर्टचा लॉकहार्ट न्यू मेक्सिकोतल्या कोरोनाडो गावात खेचरगाड्यांतून माल घेऊन येतो, पण तो शोधतोय अपाचींना (तिथल्या मूळ रहिवाशांची एक जमात) रायफली विकणाऱ्याला. त्याच रायफलींनी त्याच्या भावाचा जीव घेतलाय.

माझं अडतंय ते जमिनीपाशी. परतताना गाड्या रिकाम्या जाऊ नयेत म्हणून लॉकहार्ट सुकलेल्या तळ्यातलं मीठ भरून घेतो. ते कोणीही न्यावं, असं त्याला गावात सांगितलेलं असतं. तेवढ्यात बडा रँचमालक वॅगोमनचा मुलगा डेव्ह माणसं घेऊन येतो, लॉकहार्टला दोर टाकून घोड्यामागे फरपटवतो, गाड्या जाळतो, खेचरांना गोळ्या घालतो. पुढे तर माणसांकरवी त्याला धरून ठेवून त्याच्या हातावर अगदी जवळून गोळी झाडतो. तेव्हा कॅमेरा जखमेकडे जात नाही, स्टुअर्टच्या चेहऱ्यावर थांबतो. मला तो सगळ्या चित्रपटातला सर्वांत भीषण क्षण वाटतो.

प्रश्न असा, की त्या काळी उघड्यावरच्या अशा मिठावर कायद्याने हक्क कोणाचा होता? १८७७ मध्ये टेक्ससमध्ये एल पासोजवळच्या सॅन एलिझारियोत याच कारणावरून रक्त सांडलं होतं. तिथले मेक्सिकन रहिवासी वर्षानुवर्षं फुकट मीठ नेत होते. चार्ल्स हॉवर्ड नावाच्या वकिलाने तिथल्या मिठाच्या तळ्यांवर मालकी सांगितली आणि त्यात तो मारला गेला. मानच्या प्रसंगामागे ही घटना असावी का? कुणी यावर वाचलंय का? मोकळी कुरणं आणि रँचमालकांच्या भांडणांवर सोप्या भाषेतलं पुस्तक किंवा लेख असेल तर नक्की सुचवा, मराठीत असेल तर फारच बरं.

नुसता सूडपट म्हणून ओळख करून द्यायला मन घेत नाही. शेवटी खरा गुन्हेगार, म्हणजे वॅगोमनच्या रँचचा कारभारी व्हिक, समोर सापडतो आणि लॉकहार्टच्याने चाप ओढवत नाही. तो त्याला जायला सांगतो, मग अपाचीच व्हिकला मारतात. केट कॅनडेची शेजारची रँच, आंधळा होत चाललेला वॅगोमन, कर्तबगार व्हिकच्या डोक्यावर बसवलेला नालायक मुलगा, हे सगळं जमिनीच्या वारशाभोवती फिरतं.

शिवाय सिनेमास्कोपची (चित्रपट ज्या रुंद पडद्याच्या पद्धतीत काढलाय तिची) पूर्ण रुंदी असलेली डिस्क कुठे मिळेल? आमच्याकडच्या प्रतीत दोन्ही बाजू कापल्यात, त्यामुळे मिठाच्या प्रसंगात घोडेस्वार अर्धेच दिसतात.