अनुभव धागा: कामावरच्या अपघाताची चौकशी तुमच्याकडे कशी झाली?

पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर बोट गेलं की अहवालात ठरलेलं वाक्य येतं: 'कामगाराचा निष्काळजीपणा. समज दिली.' काही महिन्यांनी त्याच मशीनवर दुसऱ्याचं बोट जातं. मी सेफ्टीत काम करतो आणि हे वाक्य वाचून दर वेळी चीड येते. त्यापुढे जाऊन कुणी मुळाशी गेलं, काही बदललं, असे अनुभव लिहा. थोडक्यात निभावलेले प्रसंगही चालतील. कंपनीचं किंवा कुणाचं नाव नको.

भोसरी, प्रेसशॉप

आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो (प्रेस खाली येते), म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहायलाच नको. तरी ऑपरेटरची दोन बोटं गेली. एका बटणात काडी खोचलेली सापडली. मॅनेजर म्हणाले, संपला विषय. टूलरूमचे जुने मिस्त्री मात्र अडून बसले. त्यांनी तीच डाय पुन्हा लावून ट्रायल घेतली. पीस सारखा डायला चिकटत होता. तो हाताने सोडवत बसलं तर तासाचा आकडा गाठणं अशक्य, म्हणून तिन्ही शिफ्टला काडी चालू होती आणि सगळ्यांना माहीत होती. शिवाय दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक पडू नये, ही सोय त्या जुन्या पॅनेलमध्ये नव्हतीच. मग डायला पीस बाहेर ढकलणारा इजेक्टर बसवला, पॅनेल बदललं, तासाचा आकडा नव्याने ठरवला.

> त्या ऑपरेटरचं पुढे काय झालं?

> समजपत्र मागे घेतलं. नव्या डायची ट्रायल असली की आता त्याला आधी बोलावतात.

टाइम ऑफिस, निवृत्त

कारखाना कायद्याच्या ८८व्या कलमाप्रमाणे दुखापतीमुळे माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला कळवावं लागायचं. ते टाळायला प्लास्टर घातलेल्या माणसाला गाडी पाठवून आणायचे, खुर्चीवर बसवायचे आणि हजेरी लावायचे. गेटवरच्या फलकावर अपघातविरहित दिवस वाढतच राहायचे. नोंदच नाही, तर चौकशी कसली करणार?

रोहा, केमिकल प्लँट

रिअ‍ॅक्टर (रसायनांची बंद टाकी) साफ करायला आत उतरलेला हेल्पर गरगरायला लागला. बाहेरच्याने लगेच दोर ओढला म्हणून वाचला. दुखापत शून्य, त्यामुळे विषय तिथेच मिटला असता. पण आमच्या शिफ्ट इंजिनिअरबाईंनी परमिट (आत उतरायची लेखी परवानगी) मागवलं. 'नायट्रोजन बंद' पुढे टिक होती आणि व्हॉल्व्ह खरोखरच बंद होता. पण तो आतून गळत होता. नायट्रोजन भरला की आतला ऑक्सिजन कमी होतो, आणि त्याला ना रंग ना वास. ऑक्सिजन मीटरशिवाय कळायचं कसं? मीटर सकाळी एकदा लावला होता, माणूस उतरला जेवणानंतर. आता लाइनमध्ये ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी चकती) टाकल्याशिवाय परमिटवर सही होत नाही, आणि माणूस आत असेपर्यंत मीटर चालूच असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली आकडा गेला की माणूस बाहेर.

नर्स, नाशिक

सुई टोचली तर आमच्याकडे मुली सांगायच्याच नाहीत, कारण सिस्टर इन्चार्ज सगळ्यांसमोर बोलायच्या. एचआयव्हीचा धोका असेल तर ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हावं लागतं, त्यामुळे गप्प राहणं फार महागात पडू शकतं. नव्या मेट्रननी नाव न लिहिता नोंदवायला सांगितलं, फक्त जागा आणि वेळ. बहुतेक नोंदी रात्रपाळीच्या निघाल्या, वापरलेली सुई टाकायला जाताना टोचल्याच्या. डबा वॉर्डच्या टोकाला होता. तो ट्रॉलीवर आला.