लॉकडाऊनमध्ये तुमच्या घरात काय संपलं, आणि ते कुठून आलं?

काल माळा साफ करायला काढला. गणपतीचं जुनं मखर, पोराची मोडकी सायकल, आणि पार मागं एका पिशवीत मिठाची सात पाकिटं. दगड झालेली. बायको म्हणाली ही तुमचीच करामत, आठवतंय का?

आठवतंय की. २४ मार्च २०२०, मंगळवार. बेळगावात त्याआधीच बंद सुरू झालेला, त्यात रात्री आठला टीव्हीवर ऐकलं की सगळा देशच एकवीस दिवस बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा. चप्पल अडकवून अनगोळच्या कोपऱ्यावर पळालो, दुकानाचं शटर अर्धं खाली, आत पंधरा-वीस माणसं, कोण तूरडाळ उचलतंय कोण तेलाचा डबा, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. हाताला मीठ लागलं ते घेऊन आलो. सात पाकिटं. घरी आलो तर साखर संपलेली. पाडव्याला चक्का नाही, श्रीखंड नाही, म्हणून शेवयाची खीर गूळ घालून केली, तर गरम दुधात गूळ घातल्याने ते फाटलं. तीच खाल्ली सगळ्यांनी, गुढीला पण तोच नैवेद्य.

तर सांगा, तुमच्याकडं काय झालं? आपल्या भागाचं जरा वेगळं होतं ना. भाजी आपली जाते गोव्याला, चंदगडची माणसं बाजाराला आणि दवाखान्याला इथं येतात, निपाणीवाले कोल्हापूरला, आणि लेकी अर्ध्या हिकडं दिलेल्या अर्ध्या तिकडं. सीमाप्रश्नावर भांडायला इथं कुणी येऊ नका, त्याला जागा भरपूर आहेत. फक्त खाण्यापिण्याचं बोला.

कडोलीकर (शेती)

आमच्याकडं काय संपलं नाही बघा, उलट संपता संपेना. एकरभर कोबी होता, काढणीला आलेला. गोव्याला जाणारी गाडी रात्री भरायची, पहाटे चोर्ला घाट उतरून पलीकडं. ती गाडी बंद. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतोय पास मिळाला तर येतो, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. आता कोबीचा गड्डा काय आपल्यासाठी थांबत नाही, भरला की चार दिवसांत फुटतोय. मग भावाचा टेम्पो काढला आणि शहापूर, वडगाव, खासबाग करत गल्लीगल्लीत दहाला तीन गड्डे विकले. नाक्यावर अडवलं की 'काईपल्ले री साहेब' (भाजी आहे साहेब) एवढंच कन्नडात बोलायचं आणि ताडपत्री वर करायची. शहापूरला एक म्हातारी दहा रुपये द्यायची आणि वर तांब्याभर ताक, म्हणायची उन्हाचं आलायस बाळ. ती अजून डोळ्यासमोर आहे.

पण गल्लीत किती खपणार? अर्ध्याच्या वर राहिला. गुरांना घातला, जास्त घातला तर पोट फुगतंय त्यांचं म्हणून बेतानं, तरी आठ दिवसांत दुधाला कोबीचा वास यायला लागला, चहा पिववत नव्हता. शेवटी रोटर मारून उरलेला कोबी मातीत घातला. रोटर मारताना वडील शेतात आले नाहीत, घरीच बसून राहिले.

वेर्ण्याहून, मूळचा नंदगडचा

दादा, तुम्ही तिकडं रोटर मारत होता तेव्हा आम्ही हिकडं एका कांद्यावर चौघं होतो. कंपनी बंद, खोलीत चार पोरं. गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानं पण बंद ठेवलेली, नंतर उघडली, पण ते मधले दिवस वाईट गेले. घरमालकीण बाईंनी उकडा तांदूळ दिला चार-पाच शेर. सकाळी पेज, रात्री पेज, सोबत लोणच्याची फोड, ती पण चोखून परत वाटीत ठेवायची उद्यासाठी (हसू नका). भाजी बघायला मिळाली एप्रिलमध्ये, बेळगावची गाडी आली म्हणून रांग लागली, आणि रांगेत मला एवढा अभिमान वाटला की काय सांगू, जसं काय मीच पिकवून आणलीय. कोबीच होता.

चंदगडची सून, वडगावची लेक

माझं माहेर आणि सासर यात स्कूटरवरून तासाभराचा पण रस्ता नाही. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं की मधे राज्य बदलतंय. शिनोळीला नाका लागला, आणि आतल्या गाडीवाटांवर जेसीबीनं मातीचे ढीग टाकले. आमची सगळी खरेदी बेळगावची, औषधं बेळगावची, पोराच्या दुधाची पावडर सुद्धा तिथलीच.

पावडर संपली तेव्हा दादाला फोन केला. एका आडवाटेवरच्या ढिगापाशी भेटायचं ठरलं. मी हिकडून, तो तिकडून. त्यानं पिशवी ढिगावर ठेवली आणि दहा पावलं मागं गेला, मग मी जाऊन उचलली. आईनं पावडरसोबत स्टीलच्या डब्यात कुंदा घातलेला, लिंबाएवढा. एवढ्या टंचाईत खवा कुठनं मिळाला विचारलं तर म्हणाला दूध वाटणारा, गिऱ्हाईक नाही म्हणून, जास्तीचं देऊन जायला लागला, आई दिवसभर आटवत बसती. मी रिकामा डबा कसा देऊ? आमच्याकडचे ओले काजू होते ते भरून ठेवले ढिगावर आणि मागं सरकले. असं चार वेळा झालं. बोलायला मोठ्यानं ओरडावं लागायचं, आणि दोघांच्या तोंडाला मास्क, त्यामुळं निम्मं कळायचंच नाही. आईची शुगर किती म्हणून विचारलं तर तो म्हणतोय साखर आहे, साखर आहे घरात.

रविवार पेठेतला (किराणा होलसेल)

सगळे दुकानदारांना शिव्या घालतात म्हणून लिहितोय. माल नव्हता असं नाही हो, माल उतरवायला माणूस नव्हता. हमाल सगळे आपापल्या गावी गेलेले, ट्रकवाला दोन-दोन दिवस थांबायचा, ढाबे बंद त्यामुळं त्याला आमच्या घरचं जेवण. मी आणि माझा मुलगा, बी.कॉम. झालेला, पाठीवर पन्नास किलोची पोती. पहिलं काय संपलं माहिताय? डाळ-तांदूळ नाही. रवा, मैदा, बिस्कीट पुडे, आणि यीस्ट. घरोघरी पाव भाजायचं वेड आलेलं. सगळ्यात जास्त भांडणं मात्र तंबाखूच्या पुडीवरनं. दहाची पुडी पन्नासला मागणारे लोक होते, आणि आपल्याच जिल्ह्यात निपाणी, जिथं तंबाखू पिकतोय! आमच्याकडं एकजण रोज यायचा, डाळ नको तांदूळ नको, नुसतं विचारून जायचा.

भाव वाढवले हे खोटं नाही, काहींनी वाढवले. आम्ही शेंगतेलाला दोन रुपये जास्त लावले एक आठवडा. नंतर झोप लागेना म्हणून कमी केले. २०२१ मध्ये तेल भडकलं ते मात्र वरूनच, त्यात आमचा हात नाही.

खासबाग (माग)

आमच्या घरात चार मशीन माग. खटखट थांबली तेव्हा पहिल्या रात्री कुणाला झोपच लागली नाही, एवढी शांतता. साडी विकली जाईना, सूत मिळेना, मजुरी बंद.

रेशनला एप्रिलमध्ये दोन महिन्यांचा तांदूळ एकदम दिला, माणशी महिन्याला पाच किलो. कार्डावर पाच नावं, म्हणजे पन्नास किलो. धाकटीचं नाव अजून घातलं नव्हतं, तिचं नाही. उपकार झाले, नाही म्हणत नाही, पण आमचं कसं आहे, भाकरी पोटात गेल्याशिवाय जेवलो असं वाटत नाही. भात, पेज, आंबोळी, आप्पे, परत भात. आई तांदळाची भाकरी थापायची, पण ती निवली की वातड. मग समोरच्या घरात गावाकडनं ज्वारी आली होती त्यांना आम्ही आंबोळ्या द्यायचो, ते आम्हाला भाकऱ्या. सहा आंबोळ्यांना तीन भाकऱ्या असा दर ठरलेला, पोरं पोचवायला. आईच्या जनधन खात्यावर तीन महिने पाचशे-पाचशे आले, त्यातलं पहिलं काय घेतलं तर जिरे-मोहरी आणि आल्याचा तुकडा. फोडणी नसलेली आमटी खाऊन महिना झाला होता.

जांबोटी भागातून

शहरात एवढे हाल झाले हे आम्हाला नंतर कळलं. फोनला रेंज नाही, कळणार कसं. मार्च-एप्रिलला जंगलात फणसाच्या कुयऱ्या असतातच. हाताला तेल लावून चिरायच्या नाहीतर चीक निघत नाही, आणि तेलच नाही! तर आमच्या काकूनं राख लावून चिरल्या. कुयरीची भाजी, नाचण्याची भाकरी, कुळथाचं पिठलं, करवंदाचं लोणचं. पोटाचं भागलं. नडलं ते तेल, चहापूड आणि सुकी मासळी. एसटी बंद, खानापूरला जायचं तर चालत, आणि गेलं तरी दहाला दुकान बंद. काजू पिकून खाली पडायला लागलेले, घ्यायला कोण नाही, वर्षाचा पैसा काजूवरच असतोय आमचा. बी वाळवून पोती भरून ठेवली आणि जून-जुलैत मिळेल त्या भावाला दिली. भाव विचारू नका.

चहापूड संपल्यावर गवती चहा आणि गूळ. आमचे आजोबा म्हणायचे हा चहा नव्हे काढा आहे, मी आजारी नाही. तीन दिवस रुसून बसले.

निपाणी

आई विड्या वळायची. कारखाना बंद, पान नाही, तंबाखू नाही, आठवड्याचा हिशोब नाही. वळायची सवय एवढी की दुपारी बसल्या बसल्या बोटं हलायची तिची. हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढले. कोगनोळीचा नाका बंद म्हणून कागलला कामाला जाणारा भाऊ पण घरातच. जास्त लिहिवत नाही.

टिळकवाडीत पीजीला होते

मेस बंद, मी एकटीच राहिलेली. इंडक्शन आणि एक पातेलं. एकवीस दिवसांत मॅगीचा वास सुद्धा नको झाला. मग मालकीण काकूंनी वर बोलावून पीठ मळायला बसवलं, म्हणाल्या फुकट जेवायचं असेल तर भाकरी शीक. पहिली भाकरी परातीतून उचलताना तीन तुकडे. मे संपेपर्यंत टम्म फुगायला लागली. आता नवऱ्याच्या घरी भाव खाते.

शहापूर, पण २०२१ चं

सगळे २०२० चं लिहितायत. आमचं पहिलं वर्ष मजेतच गेलं म्हणायचं, खरं वाईट होतं ते दुसरं. मे महिना, सकाळी सहा ते दहा दुकानं, आणि त्या चार तासांत एवढी गर्दी की रोग तिथंच लागत असणार. आमच्या घरातले पाचही पॉझिटिव्ह निघाले. दाराला कागद चिकटवून गेले. गल्लीतली माणसं बघून खिडक्या लावून घ्यायची, आणि तीच माणसं अंधार पडला की फाटकावर पिशवी अडकवून जायची. कोण ते कधी सांगितलं नाही. कधी भात-आमटी, कधी अंडी, एकदा तर गरम जोंधळ्याच्या भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. मला चव कळत नव्हती. खर्डा चमच्याने खाल्ला, डोळ्यातनं पाणी आलं, नाक गळलं, पण तोंडात काहीच नाही, नुसती आग. बाबांना मात्र चव होती, ते म्हणाले हा खर्डा समोरच्या वैनींचा, लसूण भाजून घालतात त्या. त्यानंतर चार दिवसांनी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून ते आले नाहीत.

वैनींना मी अजून विचारलं नाही खर्डा तुमचाच होता का. त्या पण काही बोलत नाहीत. दसऱ्याला सोनं द्यायला गेले की हातात डबा देतात.

अनगोळ (मीठवाला)

शहापूरच्या ताई, वाचलं. काय लिहू.

खासबागवाल्यांचा आंबोळी-भाकरीचा दर बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली त्यांनी जरा स्वस्तातच दिल्या आंबोळ्या.

बाकी ही सात पाकिटं टाकवत पण नाहीत. कुणाला उपयोग?

कडोलीकर (शेती)

टाकू नका. मला द्या, गुरांच्या गव्हाणीत ठेवतो, चाटतात. शनिवारी बाजाराला येतोय, अनगोळला येऊन घेऊन जातो. येताना काय आणू? कोबी आहे.

अनगोळ (मीठवाला)

या की, चहाला या. कोबी सोडून काहीही आणा.