मदत हवी आहे: मावशीच्या पायाचं दुसरं ऑपरेशन, आज संध्याकाळपर्यंत सही द्यायची आहे

आम्ही भांडुपला राहतो. मावशी ५८ वर्षांची, जुना डायबेटिस. शुक्रवारी साचलेल्या पाण्यातून घरी येताना पोटरीला पत्रा लागला. शनिवारी पाय जेमतेम लाल होता, पण चादर टेकली तरी ती कळवळायची. जवळच्या डॉक्टरांनी सूज समजून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. रविवारी ताप, बरळणं, पोटरी जांभळी आणि फोड.

हॉस्पिटलमध्ये सिस्टरने लालीभोवती पेनने रेघ काढली. दोन तासांत लाली रेघेच्या दोन बोटं पुढे गेली होती. त्याच रात्री ऑपरेशन झालं. नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणाले, म्हणजे त्वचेखालचा भाग मारत झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग. आता ती व्हेंटिलेटरवर आहे आणि सर्जन परत आत न्यायचं म्हणतात. काकांचं म्हणणं, अँटिबायोटिक्स चालू आहेत, दोन दिवस थांबू. थांबावं का? आणि ती झोपेच्या औषधांवर आहे, दुखतंय हे सांगणार कशी? वाढतंय हे कळणार कसं?

प्रतिसाद:
ताई, मी आयसीयूत नर्स आहे. थांबू नका. या आजारात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात, त्यामुळे मेलेल्या भागात औषध पोचतच नाही. तो भाग काढावाच लागतो. पहिल्यानंतर साधारण २४ तासांत पुन्हा उघडून बघणं ही नेहमीची पद्धत आहे. पहिलं ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. कोणते जंतू आहेत हे सांगणारा कल्चर रिपोर्ट येईपर्यंत मेरोपेनेम, व्हॅन्कोमायसिन अशी अँटिबायोटिक्स एकत्र देतात. सोबत क्लिंडामायसिन असतं, ते जंतूंचं विष तयार होणं रोखतं.

बेशुद्ध पेशंटमध्ये आम्ही रेघ बघतो, कडेची त्वचा लाकडासारखी कडक लागते का, दाबल्यावर करकरते का ते बघतो. नाडी वाढत गेली, बीपीच्या औषधाचा डोस चढवावा लागला, लघवी कमी झाली, की सर्जनना फोन. जखमेवर वरून त्वचा बरी दिसते म्हणून आत सगळं ठीक असतं असं नाही, हे काकांना नक्की सांगा. पाय वाचेल का, हे मात्र उघडून बघितल्यावर सर्जनच सांगू शकतील. त्यांना तसं स्पष्ट विचारा.

धागाकर्ती:
काकांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनीच सही केली. सव्वासातला आत नेलंय.