मदत हवी आहे: यॉर्कशायर डेल्स, आईचे गुडघे आणि बाबांची चुनखडी

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. मेच्या शेवटी आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. दोन दिवस यॉर्कशायर डेल्ससाठी काढलेत, गाडी आहे. पण दोघांचं एकत्र जमवायचं कसं, तेच कळेना.

बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ठोसेघर, वजराई त्यांना तोंडपाठ, पण ते सगळं बेसाल्टवरून पडणारं पाणी. चुनखडीत पाणी काय काय उद्योग करतं ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचंय. आई सपाटीवर तासभर आरामात चालते, पायऱ्या उतरताना मात्र गुडघे बोलतात. दगडांत तिला काडीचा रस नाही. धबधब्यासमोर बसायला मिळावं आणि डबा उघडावा, बास.

मी इंगल्टनची धबधब्यांची वाट आणि मॅलम असं धरलंय. इंगल्टन आईला झेपेल का? मॅलम कोव्ह या उभ्या कड्याच्या माथ्यावर न जाता तिथे बघण्यासारखं काही आहे का?

---

प्रतिसाद १

इंगल्टन आईंसाठी नको. वाट सात-आठ किलोमीटरची, पायऱ्या हजाराच्या घरात आणि ओल्या असतात. बाबांना मात्र थॉर्नटन फोर्स चुकवू देऊ नका. धबधबा 14 मीटरचाच, ठोसेघरपुढे किरकोळ, पण बघायचा तो मागचा कडा. वर चुनखडीचे आडवे थर, खाली जवळजवळ उभे झालेले जुने खडक, आणि दोन्हींच्या मधली सुमारे 15 कोटी वर्षं गायब! भूगोलाचा माणूस तिथून लवकर हलणार नाही. त्या दिवशी आईंबरोबर कोणीतरी गावात थांबा.

---

प्रतिसाद २

मॅलमला दोघांचंही जमेल. गावातून कोव्हच्या पायथ्यापर्यंत वाट जवळपास सपाट आहे. 80 मीटरचा उभा कडा, आणि पाणी कड्याच्या बुडातून निघतं. वरून पडत नाही. डिसेंबर 2015 च्या डेस्मंड वादळात मात्र काही तास कड्यावरून धबधबा कोसळला होता. माथ्यावर जायला 400 च्या आसपास पायऱ्या. वर चुनखडीची फरसबंदी आहे: पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड फटी खात जातो, मधले ठोकळे उरतात. पाऊस असेल तर बाबांनाही वर पाठवू नका, ते दगड भयंकर निसरडे होतात.

आईंचा डबा जॅनेट्स फॉसला. शेता-झाडांतून सोपी वाट, छोटासा धबधबा, समोर डोह. बाबांना सांगा, इथे उलटं काम चालतं. वर विरघळलेला चुना इथे शेवाळावर बसून पुन्हा दगड होतो, पाणी त्याच पडद्यावरून घसरतं. पुढे गॉर्डेल स्कारची घळ. तळापर्यंत सपाट आहे, धबधब्याशेजारून वर चढायच्या फंदात पडू नका.

---

धागाकर्ता

दोघांनाही धन्यवाद! मॅलम पक्कं. बाबांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच विचारलं, "गेपिंग गिलच्या खोल विवरात खुर्चीवरून खाली सोडतात म्हणे, ते कधी?" वय 71, बीपीची गोळी चालू. काय सांगू?

---

प्रतिसाद २

मेअखेरीस आणि ऑगस्टमध्ये तिथले गुहा-क्लब विंच लावतात, म्हणजे तुमच्या तारखा जुळू शकतात. खोली शंभर मीटरच्या आसपास, ओढ्याचं पाणीही शेजारून त्याच विवरात पडतं, भिजायची तयारी हवी. पण खरी परीक्षा चालण्याची. क्लॅपम गावातून इंगलबरो डोंगराच्या अंगावर दीड-दोन तास चढ, वर रांग. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

त्याच वाटेवर अलीकडे इंगलबरो केव्ह लागते. 1837 पासून लोकांना खुली आहे. आत बांधीव वाट, लवणस्तंभ, एक-दोन ठिकाणी वाकावं लागतं. आईही येतील.

---

प्रतिसाद १

आणि इंगल्टन रद्द केलंत तर दुसऱ्या दिवशी वेन्स्लीडेलचं खोरं. एझगार्थचा वरचा धबधबा पार्किंगपासून जवळ. हार्ड्रॉ फोर्सला तिकीट आहे, पण एका झेपेत सुमारे 30 मीटर पडणारं पाणी आणि चालणं थोडंच. फक्त आधी आठवडाभर कोरडं गेलं असेल तर पाणी बारीक असतं, तेव्हा वेन्स्लीडेलचा दिवस पाऊस बघून ठरवा. मॅलमसाठी उलट, कोरडा दिवस ठेवा.