बंद घराची ओल, विम्याचा कागद आणि बिल्डरची पाच वर्षं : अनुभव धागा

जूनमध्ये कुलूप लावलेलं घर गणपतीला उघडलं की आधी कुबट वास येतो, मग भिंतीवरचे पोपडे दिसतात. तिथून प्रश्न सुरू होतात. पाणी येतंय कुठून? खर्च वरच्या मजल्याचा, सोसायटीचा, बिल्डरचा की विमा कंपनीचा? ज्यांचा यात रोजचा हात आहे त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. कुणी कसं फसवलं ते इथे नको, त्याने कुणाची भिंत सुकत नाही. मापं, क्रम आणि काम कुठे बिघडतं तेवढं लिहा.

प्लंबिंग, डोंबिवली

ओल कुठे दिसते यापेक्षा ती कधी वाढते हे आधी बघा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. हे आठवडाभर रोज करा. डाग रात्रंदिवस सारख्या वेगाने पसरतोय, तर दाबाची लाइन फुटली आहे. सकाळच्या आंघोळी झाल्यावर दोन-तीन तासांनी वाढतोय, तर नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) किंवा बाथरूमची फरशी. फक्त पावसात वाढतोय, तर बाहेरची भिंत, खिडकी किंवा गच्ची. भिंत हाताला कोमट लागली तर गीझरची गरम लाइन. तिथे पुढे शोधायला नको.

फरशीची चाचणी अशी करा. प्लास्टिकच्या पिशवीत ओली वाळू भरून ती नहाणीच्या भोकात घट्ट दाबून बसवा. दारात उंबऱ्याशी मातीचा किंवा सिमेंटचा छोटा बांध घाला, नाहीतर दोन इंच पाणी हॉलमध्ये जाईल. पाणी भरा, टाइलवर पातळीची खूण करा आणि २४ तास बाथरूम बंद ठेवा. दोन-तीन मिलिमीटर उतरलं तर ती वाफ समजा. बोटभर उतरलं तर फरशी पितेय. पातळी तशीच आणि खाली डागही तसाच, तर फरशी निर्दोष. मग पिशवी काढून नहाणीत रंगीत पाणी ओता. खाण्याचा रंग वापरा. पोटॅशियम परमँगनेटचे डाग टाइलच्या सांध्यांतून लवकर जात नाहीत आणि वरचे शेजारी वर्षभर बोलत नाहीत.

दाबाच्या लाइनसाठी सगळे नळ काढून तिथे बूच लावायचं, हातपंपाने दाब द्यायचा आणि काट्यावर डोळा ठेवायचा. काटा दोन तासांत हलला नाही तर लाइन ठीक.

नवीन घरांत सगळ्यात जास्त गळती ‘एफटीए’ला होते. भिंतीतल्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपच्या टोकाला पितळी आट्यांचा जो तुकडा असतो आणि ज्यात नळ बसतो, तो. नळ बदलताना कुणीतरी पाना लावून जोर करतो, भिंतीतला तुकडा नळाबरोबर फिरतो आणि केसाएवढी चीर पडते. त्या दिवशी काहीच दिसत नाही. तीन आठवड्यांनी पलीकडच्या बेडरूममध्ये कपाटामागे ओल. नळ काढताना एफटीए दुसऱ्या पान्याने धरून ठेवता येत नसेल, तर आधी भोवतालचा गिलावा थोडा फोडून घ्या. टेफ्लॉनचे भाराभर वेढे देऊन नळ कोंबला की तीच चीर पडते.

सिव्हिल कामं, ठाणे

वरच्या मुद्द्याला जोडून. टाइलच्या सांध्यांत इपॉक्सी भरून ‘फोडतोड न करता गळती बंद’ ही जाहिरात अर्धी खरी आहे. पाणी फक्त सांध्यातूनच जात असेल तर चालतं. संकनमध्ये, म्हणजे बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये, टाइलखाली पाणी आधीच साचलं असेल तर ते तुम्ही आत कोंडता आणि मग महिनोन् महिने ते खालच्याच्या छतातून उतरत राहतं. नाण्याने टाइल ठोकून बघा. बद्द आवाज येणाऱ्या टाइल बऱ्याच असतील तर इपॉक्सीवर पैसे घालवू नका.

पूर्ण काम करायचं तर कोबा काढून स्लॅब उघडा करा. पाइप स्लॅबमधून जिथे खाली जातो तिथली भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. निम्म्या गळत्यांचं मूळ तिथेच असतं. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात गोलसर वाटा, म्हणजे मॉर्टरची गोलाई, काढा. मग सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, पहिल्याला आडवा दुसरा. भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वर. पाणी भरून चाचणी टाइल बसवायच्या आधी घ्यायची. नंतर घेतली तर नापास झाल्यावर टाइल फोडायला कुणी तयार होत नाही, कंत्राटदार तर नाहीच.

छताचे पोपडे पडून सळई दिसत असेल तर त्यावर नुसतं सिमेंट थापू नका. गंजलेली सळई फुगते आणि तीच काँक्रीट ढकलून पाडते. वरून सिमेंट लावलं तर दोन पावसाळ्यांत तोच तुकडा परत खाली. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट छिन्नीने काढा, तारेच्या ब्रशने गंज घासा, जस्ताचा प्रायमर लावा, मग बाँडिंग कोट. तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर भरायचं : ५० किलो सिमेंटला १५० किलो वाळू आणि १० किलो पॉलिमर. बाँडिंग कोट सुकला की तो जोडत नाही, उलट सोडवतो. मिस्त्री जेवायला जायच्या आधी हे काम काढत असेल तर थांबवा.

विमा सर्व्हे, पुणे

घराच्या विम्यात लोक पहिली चूक रकमेत करतात. फ्लॅटचा बाजारभाव विम्यात लिहायचा नसतो, कारण त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर. ६५० चौरस फूट आणि दर ३,००० रुपये धरला तर १९ लाख ५० हजार. सव्वा कोटीचा फ्लॅट म्हणून सव्वा कोटीचा विमा काढणारे प्रीमियम फुकट भरतात.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. मजकूर सगळ्या कंपन्यांचा एकच, म्हणून वाचायला सोपी. इमारतीचा विमा घेतला की सामानाला आपोआप त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात ३ लाख ९० हजार. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सगळं आहे. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसानही आहे. चोरी मात्र, अशी एखादी घटना घडल्यापासून सात दिवसांच्या आत झाली तरच. एरवीची घरफोडी वेगळी घ्यावी लागते. बंद घरासाठी विमा काढणाऱ्याच्या डोक्यात नेमकी घरफोडीच असते, म्हणून हे ठळक लिहितो.

आता ओल. ‘फुटणं’ ही घटना आहे. ‘झिरपणं’ ही झीज आहे, आणि झिजेचे पैसे कुठलाच विमा देत नाही. सर्व्हेअर भिंतीपाशी गेला की आधी लोणा बघतो. पांढरा क्षार फुललाय, रंगाचे तीन-चार थर पापुद्र्यांसारखे सुटलेत, चौकटीचं लाकूड काळं पडलंय, म्हणजे हे काल झालेलं नाही. म्हणून खरोखर अचानक पाइप फुटला असेल तेव्हा पुरावा लगेच जमवा. पाणी पुसायच्या आधी फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा. फुटलेला पाइपचा तुकडा प्लंबरला नेऊ देऊ नका, तो पिशवीत ठेवा. बिलावर काय बदललं आणि का, ते नेमकं लिहून घ्या. प्लंबर सवयीने ‘लीकेज काम’ एवढंच लिहितात, आणि त्या दोन शब्दांवर खरा क्लेमही अडकतो.

बंद घराबद्दल : जुन्या धाटणीच्या आगीच्या पॉलिसीत इमारत सलग ३० दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबतं अशी अट असते, आधी कळवून शेरा मारून घेतला नसेल तर. आपल्या पॉलिसीत रिकाम्या घराबद्दल काय लिहिलंय ते शोधा आणि परदेशी किंवा गावाला जाताना एक ईमेल टाकून ठेवा.

नाकारलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जा.

एक प्रश्न : हे सगळं फ्लॅटचं झालं. गावच्या कौलारू घराचं काय?

रत्नागिरीहून

गावच्या घराला विम्याआधी कागद लागतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा) अजून आजोबांच्या नावावर आणि वारस सात, तर दावा कुणी करायचा इथपासूनच अडतं. घरपट्टीची पावती दरवर्षी फाडा आणि वारसांची नावं लावून घ्या.

कौलं एप्रिल-मेमध्ये शाकारून घ्या. एक कौल सरकलं की पाणी थेट खाली पडत नाही. वाशावरून उतरत भिंतीच्या माथ्यावर जातं. ओल खोलीच्या कोपऱ्यात दिसते आणि फुटकं कौल पाच हात वर असतं. पन्हळीतला पाचोळा काढला नाही तर पाणी उलटं वळचणीत शिरतं.

वाळवीला ओल आणि अंधार लागतो, बंद घरात दोन्ही फुकट. भिंतीवर मातीची नळी दिसली की लोक झाडूने पाडतात. पाडू नका, आधी ती जोत्यापाशी कुठून निघते ते बघा. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर १२ मिलिमीटरची भोकं, दर ३० सेंटिमीटरला एक, प्रत्येकात एक लिटर द्रावण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली. विहीर घराला लागून असेल तर त्या बाजूला हे करू नका. आणि जळाऊ लाकडं, जुनी दारं भिंतीला टेकवून ठेवायची पद्धत आधी बंद करा, नाहीतर औषध वाया.

वकील, नाशिक

बिल्डरच्या जबाबदारीबद्दल अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून थोडं सविस्तर.

रेरा (घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणारा) कायदा २०१६, कलम १४(३). ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सुविधांतला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. म्हणजे गळती, बद्द टाइल, खिडकीतून येणारा पाऊस हेही त्यात येतं. फक्त पिलर-स्लॅब नाही. पाच वर्षं बुकिंगपासून किंवा करारापासून मोजत नाहीत, ताब्यापासून. त्यामुळे ताबापत्र जपून ठेवा.

दुसऱ्याकडून फ्लॅट विकत घेतला तरी कायद्यातल्या ‘अलॉटी’ (घर मिळालेला ग्राहक) च्या व्याख्येत नंतर घेणाराही येतो. पाचातली तीन वर्षं गेली असतील तर उरलेली दोन तुमची. खरेदीच्या वेळी मूळ ताबापत्राची प्रत मागून घ्या. नंतर विकणारा फोन उचलत नाही. रेराआधीच्या इमारतींना १९६३ च्या मोफा (महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी) कायद्यातली मुदत तीन वर्षांची आहे.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि त्याच दिवशी ईमेलही. दोषांची यादी खोलीवार, फोटोला क्रमांक, ‘३० दिवसांत दुरुस्त करावे’ हे वाक्य. व्हॉट्सअॅपवरच्या ‘साहेब, माणूस पाठवतो’ ला नोटीस समजू नका. मुख्य म्हणजे नोटीस जाऊन पाहणी होईपर्यंत फोडतोड करू नका. तुम्ही टाइल उपटल्या की बिल्डर म्हणणार, तुमच्याच कामाने वॉटरप्रूफिंग गेलं. पाणी थांबवण्यापुरतं तातडीचं काम करा, पण त्याआधी स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल घ्या.

महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) तक्रारीची फी ५,००० रुपये. ग्राहक आयोगात जायचं असेल तर कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि आयोग ठरतो तो घरासाठी मोजलेल्या पैशांवर. दुरुस्ती दोन लाखांची असली तरी फ्लॅट सत्तर लाखांना घेतला असेल तर जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात; जिल्ह्याची मर्यादा ५० लाख आहे.

सोसायटी सचिव, मुंबई उपनगर

गच्चीतून पावसाचं पाणी येऊन वरच्या मजल्याचं छत, गिलावा खराब झाला तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. बाहेरच्या सामायिक पाइपचंही तसंच. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खाली गळतंय, ते मात्र त्या सभासदाचं. आणि वरचा फ्लॅट बंद असेल तर सगळी पंचाईत. एक किल्ली विश्वासातल्या माणसाकडे आणि त्याचा नंबर सोसायटीत असू द्या. मालकानेच कुलूप लावून ठेवलेल्या घराला भोगवटेतर शुल्क लागत नाही. ते भाड्याने दिलेल्या घराचं आणि सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. रंगाऱ्याचं कोटेशन मागवण्याआधी हा अहवाल हवा. आमच्याकडे सगळे उलट क्रमाने करतात.

पुन्हा डोंबिवली

कुलूप लावताना : मुख्य व्हॉल्व्ह बंद करून मग नळ उघडून लाइन रिकामी करा. नहाणी ट्रॅपमधलं पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि झुरळं, गटाराचा वास वर येतो. ट्रॅपमध्ये पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल तेल घाला, तवंगामुळे पाणी टिकतं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला पाणी जायच्या चिरा असतात. त्यात माती बसली की पट्टी भरून पाणी आत येतं. जुना टूथब्रश पुरतो.

गीझरच्या टाकीची पाच-सात वर्षांची वॉरंटी लिहिलेली असते, पण आतला अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा दांडा) संपला की टाकीच गंजायला लागते. खारं, बोअरचं पाणी असेल तर तो दरवर्षी काढून बघा. बोटाएवढा रॉड तारेएवढा झाला असेल तर बदला आणि बिलावर ‘अॅनोड बदलला’ असं तारखेसह लिहून घ्या. वॉटरप्रूफिंगच्या दहा वर्षांच्या वॉरंटीचंही तेच : मालाचा बॅच नंबर, क्षेत्रफळ आणि काम करणाऱ्याचा कंपनीकडचा नोंदणी क्रमांक, तिन्ही बिलावर हवेत. बहुतेक कागदांवर ‘एकूण काम, रोख’ एवढंच असतं.