एकच कार्ड सगळ्या सर्व्हरना? मला पटत नाही

सर्व्हरखोली: काल एकाने लिहिलं, "दहा सर्व्हर, दहा पासवर्ड हा जाच आहे. एक स्मार्ट कार्ड (चिपवालं ओळखपत्र), एक पिन, विषय संपला." राहवलं नाही म्हणून लिहितोय. एस्टोनियात एकाच ओळखपत्रावर बँक, कर, मतदानसुद्धा चालतं. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या संशोधकांनी दाखवलं की त्या चिपमधली आरएसए की, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल किल्ल्यांची जोडी, बनवण्याची पद्धतच सदोष आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या पब्लिक कीवरून गुप्त राहायची प्रायव्हेट की काढता येते. सुमारे ७,६०,००० कार्डांची सर्टिफिकेटं थांबवावी लागली. सगळं एकाच कार्डावर टांगलं की असं होतं.

जुना_ॲडमिन: अर्धंच सांगताय. गैरवापराचं एकही प्रकरण सापडलं नाही, आणि लोकांनी घरबसल्या सर्टिफिकेटं बदलली. पासवर्डचं बोला ना! लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात, एक सर्व्हर फुटला की दहाही गेले. कार्डाची प्रायव्हेट की चिपबाहेर येत नाही.

गावकूस: अख्खी चिपच दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असते, त्याचं काय? १५ व्या वित्त आयोगाचा निधी काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डीएससी, म्हणजे डोंगलवरची (यूएसबी टोकनवरची) डिजिटल सही, लागायची. आमच्याकडे दोन्ही डोंगल पंचायतीच्या संगणक ऑपरेटरकडे, रबर लावून, पिनची चिठ्ठी वर चिकटवलेली. माझी चुलती सरपंच होती. गटाराचं बिल निघाल्याचं तिला ग्रामसभेत कळलं.

जुना_ॲडमिन: यात कार्डाचा काय दोष? स्वतःचं डोंगल स्वतः सांभाळायचं.

गावकूस: बोलायला काय जातंय! पोर्टल इंग्रजीत, डोंगलचं सॉफ्टवेअर चालत नाही, पिन चुकत गेला की टोकन लॉक. चौथी शिकलेल्या बाईने काय करायचं? सही तिची, चौकशीही तिचीच झाली. तिला शहाणपण शिकवू नका.

आकडेमोड: गावाचंच कशाला, माझं टोकनही सल्लागाराच्या डब्यात आहे, इतर पन्नास जणांच्या टोकनांसोबत. पिन मीच फोनवर सांगितला होता.

सर्व्हरखोली: मूळ मुद्दा राहिला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने १९८० च्या दशकात केर्बेरॉस ही लॉगिनची पद्धत तयार केली. पासवर्ड नेटवर्कवर जातच नाही, प्रत्येक सर्व्हरला मुदतीचं तिकीट दाखवायचं. कार्डही त्याला जोडता येतं.

जुना_ॲडमिन: आणि तिकीट देणारा सर्व्हर बसला की? आमचा ३१ मार्चला बसला, दुपारपर्यंत कुणालाच लॉगिन होईना. दुसरा उभा ठेवायला पैसे मागितले होते, मिळाले नव्हते. गावकूस, तुमच्या चुलतीबद्दल बोललो ते मागे घेतो. कार्डाबद्दलचं नाही.

गावकूस: कार्ड ठेवा. पण पैसे निघण्याआधी तिच्या फोनवर मराठीत रक्कम आणि काम दिसू द्या, आणि नाही म्हणायचं बटण द्या.