मदत हवी आहे: भाचीच्या डिप्लोमासाठी ताई-भाऊजींना कसं पटवू?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोत राहणारी माझी भाची यंदा दहावीला आहे. दिवाळीत ऐन चकलीच्या भाजणीच्या वेळी मिक्सर बंद पडला. पोरीने तो उघडला, झिजलेले कार्बन ब्रश काढले, नवे आणून बसवले. अजून चालतोय!

तिला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचाय. भाऊजी म्हणतात, "मुलीच्या जातीला मशिनी कशाला?" फीचीही काळजी आहेच. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट ८ लाखांपर्यंतची, हे मी सांगून पाहिलं. पण खरी अडचण पैशाची नाहीच, मनातल्या धास्तीची आहे.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत किंवा आयटीत काम करणाऱ्या कुणी ताई रविवारी अर्धा तास घरी येऊन त्यांच्याशी बोलतील का? शिफ्ट, जाणं-येणं, सगळं खरंखरं सांगा. प्लीज कळवा.